कोयनेचं पाणी ‘इंट’मध्ये मावत नाही

लेखमाला : जावाशी ओळख – लेखांक ९

मागच्या लेखांकाच्या शेवटी एक छोटं काम दिलं होतं. कोयना धरणातला पाणीसाठा टीएमसीत विचारून घ्यायचा आणि त्याचे घनफूट करून दाखवायचे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, तेव्हा गुणाकार एकच. पावसाळ्यात कोयनानगर, हेळवाक, पाटण या पट्ट्यात दिवसाची पहिली चौकशी याच आकड्याची असते. साठा किती झाला, नवजाला पाऊस किती पडला, दरवाजे किती फुटांवर आहेत. पाठ्यपुस्तकातल्या विद्यार्थ्यांच्या गुणांपेक्षा हा आकडा इथल्या मुलांच्या जास्त ओळखीचा, म्हणून मुद्दाम तो निवडला.

धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. हिशेब सोपा राहावा म्हणून १०५ धरू. हा आकडा ‘इंट’ या पूर्णांकांच्या प्रकारात ठेवला आणि १,००,००,००,००० ने गुणला, तर उत्तर दहा हजार पाचशे कोटी यायला हवं. पडद्यावर येतं १,९२,०७,८४,८९६. म्हणजे भरलेल्या कोयनेत दोन टीएमसीसुद्धा पाणी नाही! आणि एवढं चुकूनही जावा एका शब्दानं तक्रार करत नाही. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतो, उत्तर छापतो आणि शांतपणे संपतो.

नवशिक्याला चूक दाखवणाऱ्या लाल अक्षरांची भीती वाटते. पण जावाची लाल अक्षरं बहुतेक वेळा मदतच करतात. खरी अडचण होते ती अशा गप्प राहणाऱ्या चुकीनं.

‘इंट’ला जावानं ३२ बिट दिलेत. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. घनफुटांत मोजलं तर दोन टीएमसीच्या थोडं वर. उत्तर त्यापलीकडे गेलं की वरचे बिट गळून पडतात आणि उरलेल्या ३२ बिटांचा जो अर्थ लागेल तो उत्तर म्हणून मिळतो. १०३ टीएमसी दिले तर उत्तर येतं उणे ७,९२,१५,१०४. उणे आलं की निदान शंका तरी येते. १०४ दिले की अधिक ९२ कोटी, १०५ दिले की अधिक १९२ कोटी. गंमत अशी, की या तिन्ही उत्तरांमधला फरक दर वेळी बरोबर शंभर कोटीच आहे. इथे एका टीएमसीनं साठा वाढला की उत्तरही एका टीएमसीनंच वाढतं. म्हणजे रोजची आवक तपासणाऱ्याला प्रोग्रॅम अचूक वाटेल आणि एकूण साठा मात्र साफ चुकीचा असेल.

ही चूक कोण पकडेल? जावा येणारा पकडेलच असं नाही. त्याला १९२ कोटी हा मोठा, म्हणून बरोबर आकडा वाटू शकतो. पण धरणावर नोकरी केलेल्या, जावाचं नावही न ऐकलेल्या माणसाला दाखवा. तो एका नजरेत सांगेल, ‘छे, हे भलतंच आहे.’ नवशिक्यानं मदत मागायला जाताना हे लक्षात ठेवावं. भाषा जाणणारा माणूस लागतो, तसा विषय जाणणाराही लागतो. कोयनानगरमध्ये दुसऱ्या प्रकारची माणसं घरोघरी आहेत. पहिल्या प्रकारची शोधावी लागतात. कुणी कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असतं, कुणी पुण्यात नोकरीला असतं आणि सुटीला गावी येतं.

तज्ज्ञांनाही दुसऱ्याची नजर लागते, हे जावाच्याच इतिहासात नोंदलेलं आहे. क्रमानं लावलेल्या यादीतून एखादी संख्या शोधण्यासाठी यादीचा मधला बिंदू काढतात, मग निम्मी यादी सोडून देतात. मधला बिंदू काढायला दोन टोकांची बेरीज करून दोनानं भागायचं. जावाबरोबर मिळणाऱ्या लायब्ररीत हा शोध जोशुआ ब्लॉक यांनी लिहिला होता. त्यामागची रीत जॉन बेंटली यांच्या १९८६ च्या पुस्तकातली, आणि त्या पुस्तकात ती बरोबर असल्याची सिद्धताही दिली होती. तरी चूक होतीच. यादी सुमारे शंभर कोटींच्या पुढे गेली की दोन टोकांची बेरीज ‘इंट’मध्ये मावत नाही, उणे होते आणि प्रोग्रॅम कोसळतो. कोयनेच्या गुणाकारात झालं तेच. ही चूक सुमारे नऊ वर्षं तशीच पडून होती. कुणा वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम मोडला, त्यानं ते कळवलं, तेव्हा ती उघडकीला आली. ब्लॉक यांनी २००६ मध्ये हे सगळं स्वतः जाहीरपणे लिहिलं. कळवणाऱ्यानं आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून सोडून दिलं असतं, तर ती चूक आणखी किती काळ राहिली असती!

आता उपाय. बहुतेक जण उत्तराचा प्रकार ‘इंट’ऐवजी जास्त मोठ्या संख्या मावणारा ‘लाँग’ करतात आणि पुन्हा तेच १९२ कोटी पाहून हताश होतात. कारण गुणाकार आधी होतो आणि तो दोन ‘इंट’चा असतो. उत्तर ‘लाँग’च्या भांड्यात पडण्याआधीच बिघडलेलं असतं. गुणल्या जाणाऱ्या दोनपैकी निदान एक संख्या आधीपासून ‘लाँग’ हवी. आकडा थेट लिहिला असेल तर त्याच्या शेवटी मोठ्या लिपीतलं ‘एल’ जोडायचं. छोटं ‘एल’ही चालतं, पण ते एकच्या आकड्यासारखं दिसतं, म्हणून टाळा. आणि गप्प चूक नको असेल तर जावा ८ पासून ‘मॅथ’ वर्गात ‘मल्टिप्लायएक्झॅक्ट’ नावाची मेथड आहे. उत्तर मावत नसेल तर ती तिथल्या तिथे ‘इंटिजर ओव्हरफ्लो’ म्हणत प्रोग्रॅम थांबवते.

याच कामात दुसरीही एक गप्प चूक आहे. साठा ८०, क्षमता १०५, टक्के काढा. ८० भागिले १०५ गुणिले १०० असं ‘इंट’मध्ये लिहिलं की उत्तर शून्य येतं, कारण पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक टाकून दिला जातो. भागाकारातली एक संख्या ‘डबल’, म्हणजे अपूर्णांक ठेवणारी, करा, मग ७६.१९ येतील.

बोलणाऱ्या चुकांकडे वळू. इथे मदत मागण्याची खरी रीत शिकायला मिळते. साठा अक्षरांच्या रूपात घेतला, १०५.२५ असा, आणि ‘इंटिजर डॉट पार्सइंट’कडे दिला, तर ‘नंबरफॉरमॅटएक्सेप्शन’ येतं आणि खाली ओळींची उतरंड लागते. मुलं ती उतरंड बघूनच खिडकी बंद करतात. तसं करू नका. पहिल्या ओळीत त्या चुकीचं नाव असतं आणि पुढे, कोणत्या मजकुरामुळे अडलं, तो मजकूर अवतरणचिन्हांत दिलेला असतो. खालच्या ओळींतल्या वरच्या दोन-तीन जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या असतात, त्या सोडा. जिथे तुमच्या फाइलचं नाव दिसेल, ‘धरण डॉट जावा’ आणि पुढे ओळ क्रमांक, तिथे थांबा. बघायचं तिथे.

कोयनेला सहा वक्र दरवाजे आहेत. सहा घरांचा अ‍ॅरे केला आणि सहाव्या दरवाज्यासाठी सहा हा क्रमांक वापरला, तर जावा स्पष्ट सांगते की सहा लांबीच्या अ‍ॅरेत सहा हा क्रमांक हद्दीबाहेर आहे. मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटचा दरवाजा पाच. कंपाइल करतानाच्या चुकांत आणखी एक पथ्य आहे. एक कंस राहिला तर कधी कधी वीस चुकांची यादी येते. त्यातली फक्त पहिली दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. उरलेल्यांपैकी बऱ्याच आपोआप जातात. ‘सिस्टिम’ शब्दाचं पहिलं अक्षर छोट्या लिपीत पडलं तर जावा त्या नावाचं ‘पॅकेज’ नाही असं म्हणते. नवशिका पॅकेज शोधत बसतो. शोधायचं असतं ते अक्षर.

पण सगळ्या चुका जिथे दिसतात तिथे नसतात. समजा प्रोग्रॅम आधी ‘नेक्स्टइंट’नं पाऊस विचारतो आणि मग ‘नेक्स्टलाइन’नं केंद्राचं नाव. नाव टाईप करायची संधीच मिळत नाही, ते रिकामं येतं. कारण ‘नेक्स्टइंट’नं आकडे उचलले, पण त्यानंतर दाबलेलं एंटर मागे ठेवलं, आणि ‘नेक्स्टलाइन’नं तेच एंटर उचललं. मध्ये एक जादा ‘नेक्स्टलाइन’ घातलं की काम होतं. आता मदत मागणाऱ्यानं फक्त नावाचीच ओळ मित्राला पाठवली तर मित्र काय सांगणार? त्या ओळीत काहीच चुकलेलं नाही.

म्हणून मदत मागताना संपूर्ण नोंद द्या. कोयनेच्या माणसाला नोंदीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर या खोऱ्यातल्या लहानसहान धक्क्यांचीही नोंद होत आली आहे, आणि त्या नोंदींमुळेच दूरच्या प्रयोगशाळेत बसलेला माणूस इथल्या जमिनीबद्दल बोलू शकतो. तुमच्या प्रोग्रॅमचंही तसंच. काय टाईप केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, चूक सांगणारा मजकूर जसाच्या तसा, आणि जावाची आवृत्ती. मोबाइलनं काढलेला पडद्याचा तिरपा फोटो पाठवू नका, त्यात नेमका ओळ क्रमांक कापला जातो आणि समोरच्याला कोड पुन्हा टाईप करावा लागतो. मजकूर कॉपी करून पाठवा. पाठवण्याआधी प्रोग्रॅम छोटा करा, चुकीशी ज्याचा संबंध नाही ते काढत जा आणि दर वेळी चालवून बघा. या काटछाटीत निम्म्या वेळा चूक तुमची तुम्हालाच सापडते. ‘चालत नाही’ एवढंच कळवणं हे मदत करणाऱ्याच्या वेळेवर अन्याय करणारं आहे, असं मला मनापासून वाटतं.

मदत करणाऱ्यांनाही एक विनंती. सुटीला आलेल्या दादा-ताईनं लॅपटॉप ओढून घेऊन दोन मिनिटांत दुरुस्ती केली की प्रोग्रॅम चालतो, पण मूल तिथेच राहतं. कीबोर्ड मुलाच्याच हातात ठेवा आणि विचारा : या ओळीनंतर या व्हेरिएबलमध्ये काय असेल? त्याला छापून बघू दे. शिकवण्याइतका वेळ नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले जावाचे मराठी पाठ त्याला लावून द्या. चूक सांगणारा इंग्रजी मजकूर वाचून घाबरणाऱ्याला स्वतःच्या भाषेतलं स्पष्टीकरण फार आधार देतं.

भाषेवरून एक गोष्ट सांगायची राहिली. आपल्यापैकी कित्येक जण देवनागरी कीबोर्डवरून आकडे टाकतात. ‘पार्सइंट’ला देवनागरीतलं १०५ दिलं तर ते बिनतक्रार चालतं. देवनागरी अंक जावाला समजतात. पण ‘पार्सडबल’ला देवनागरीतलं १०५.२५ दिलं की तेच ‘नंबरफॉरमॅटएक्सेप्शन’ येतं, कारण तिथे फक्त इंग्रजी अंक चालतात. आणखी एक तक्रार मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसण्याची. अशा वेळी आधी जावाची आवृत्ती बघा. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून फाइलसाठी यूटीएफ-८ हे अक्षरांचं एन्कोडिंग गृहीत धरलं जातं. त्याआधी विंडोजवर ते स्वतः सांगावं लागे.

पुढच्या लेखांकात ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ घेऊ. तोवर एक काम : कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन केंद्रांची नावं आणि पाऊस विचारून घेणारा प्रोग्रॅम लिहा, आणि वापरणाऱ्यानं नाव म्हणून ‘नवजा’ दिलं तर त्याचा पाऊस छापा. नावांची तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी करून बघा आणि मग ‘इक्वल्स’नं. दोन्हींची उत्तरं वहीत लिहा, आणि ती वेगळी का आली हे शेजारच्या कुणालातरी समजावून सांगा.