नाचणाऱ्या अस्वलांची मुक्तता

नाचणाऱ्या अस्वलांची मुक्तता ही खेळासाठी पाळलेली अस्वले सोडवण्याकरिता भारतात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चाललेली मोहीम होय. तिचा आरंभ शासकीय यंत्रणेऐवजी प्राणिप्रेमी स्वयंसेवकांनी केला.

पार्श्वभूमी

अस्वलाचा खेळ करणाऱ्यांना महाराष्ट्रात दरवेशी, तर उत्तर भारतात कलंदर म्हणतात. दरवेशी समाज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. गावोगावी अस्वल नाचवणे व त्याचे केस ताइतासाठी विकणे हे या समाजांच्या उपजीविकेचे साधन होते. पिल्ले जंगलातून पकडली जात व त्यासाठी बहुधा मादीला मारले जाई. पिल्लाचे नाक तापलेल्या सुईने टोचून त्यात दोर ओवला जाई आणि सुळे काढले जात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अस्वल बाळगणे बेकायदेशीर होते. केंद्र शासनाच्या १९९८ च्या अधिसूचनेनेही अस्वलांच्या खेळांवर बंदी घातली. तरीही खेळ चालूच राहिले. कारण जप्त केलेली अस्वले ठेवण्यास पुरेशी जागा नव्हती आणि खेळ करणाऱ्यांपुढे दुसरा व्यवसाय नव्हता.

प्रेरणा

कार्तिक सत्यनारायण व गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मेरी हटन यांनी ‘फ्री द बेअर्स’ ही संस्था नोंदवली. हटन या वन्यजीवतज्ज्ञ नव्हत्या. पित्तासाठी पिंजऱ्यात कोंडलेली अस्वले दूरचित्रवाणीवर पाहून त्यांनी सह्यांची मोहीम सुरू केली होती. पुढे त्यांच्या संस्थेने भारतातील कामास आर्थिक साहाय्य दिले. भूतदयेखेरीज, पिल्लांच्या चोरीमुळे घटणारी रानातील संख्या हेही या कार्यामागील कारण होते.

परिणामकारकता

आग्रा येथील केंद्रात २००२ च्या अखेरीस पहिली अस्वले दाखल झाली. अस्वल स्वाधीन करणाऱ्या कुटुंबास पर्यायी व्यवसायासाठी भांडवल व मुलांच्या शिक्षणासाठी मदत दिली जाई. ६०० हून अधिक अस्वले सोडवल्यानंतर २००९ मध्ये शेवटच्या नाचणाऱ्या अस्वलाची मुक्तता झाल्याचे संस्थेने जाहीर केले. केवळ बंदीने न साधलेले हे काम निवारा व रोजगार यांची जोड मिळाल्यावर साध्य झाले.

मर्यादा

सुळे गमावलेली व माणसाळलेली अस्वले रानात परत सोडता येत नाहीत. त्यांना आयुष्यभर सांभाळावे लागते. मोकळ्या अस्वलांचा प्रश्नही वेगळा आहे. विदर्भात मोहफुले व तेंदूपाने वेचण्याच्या हंगामात अस्वल व माणूस अचानक समोरासमोर येतात आणि हल्ले होतात. अशा वेळी वनविभागाच्या परवानगीविना अस्वल पकडणे हा हेतू चांगला असला तरी गुन्हा ठरतो. त्यामुळे जनजागृती, गर्दी आवरणे व वनविभागास त्वरित खबर देणे एवढ्यापुरतेच स्वयंसेवकांचे कार्य सीमित राहते. उक्त अधिनियमातील मानद वन्यजीव रक्षक या पदाद्वारे अशा व्यक्तींना अधिकृत स्थानही मिळू शकते.