मुंबई उपनगरांतील अश्मयुगीन हत्यारे आणि थरांचे महत्त्व

प्रस्तावना : भांडुप ज्या साष्टी बेटावर वसले आहे, त्याच बेटाच्या पश्चिम भागात, कांदिवली येथे, लेफ्टनंट कमांडर के. आर. यू. टॉड यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. १९३० च्या दशकात त्यांनी त्यांविषयीचे लेख प्रसिद्ध केले.

विवेचन : टॉड यांनी दगडी हत्यारांची मांडणी गाळ व खडीच्या थरांनुसार केली. अबाधित भूस्तरात खालचा थर आधीचा असल्याने त्यावरून कालानुक्रम ठरतो. धातू आल्यावर दगड मागे पडला, ही समजूतही थरांनीच दूर केली. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत तांब्याच्या मोजक्या वस्तूंसोबत दगडी पाती विपुल आढळली. तांबे दुर्मीळ असल्याने दैनंदिन कामांत दगडाचा वापर चालूच राहिला.

समारोप : उपनगरांत इमारतींचे पाये खोदताना असे थर नष्ट होतात. ढिगाऱ्यात सापडलेल्या हत्याराचा प्रकार ओळखता येतो. त्याचा काळ मात्र निश्चित सांगता येत नाही. हत्यार संग्रहालयात जपता येते, विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून खोदकामात उघड्या पडलेल्या छेदांची मोजमापे व छायाचित्रे वेळीच नोंदविणे, हे स्थानिक महाविद्यालयांना सहज शक्य असलेले कार्य होय.