मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

इतिहास म्हटला की आपल्यापुढे लढाया, तह आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेल्या सनावळ्या उभ्या राहतात. पण घड्याळालाही इतिहास असतो, हे मला कळले ते एका जुन्या जन्मपत्रिकेमुळे. माझ्या पणजोबांचा जन्म १९१२ च्या जूनमधला, गिरगावातल्या चाळीतला. ट्रंकेच्या तळाशी सापडलेल्या त्यांच्या पत्रिकेत 'पहाटे ५ वा. ४० मि.' असे लिहून पुढे बारीक अक्षरांत 'मुं. टा.' अशी पुस्ती होती. ही काय भानगड, म्हणून शेजारच्या जोशीबुवांना विचारले. ते म्हणाले, "मुंबई टाइम. तेव्हा मुंबईची वेळ निराळी होती." एवढ्याने समाधान होईना, म्हणून ग्रंथालय गाठले.

मूळ गोष्ट भूगोलाची आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. पूर्वी प्रत्येक गाव आपापल्या माध्यान्हीला बारा वाजले असे समजे. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेला सुमारे ७३ अंशांवर. म्हणून तिची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. मद्रासची ५ तास २१ मिनिटे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. बैलगाडीने प्रवास करणाऱ्याला या फरकाची फिकीर नव्हती. आगगाडी आली आणि घोटाळा झाला. प्रत्येक स्टेशनाने आपली वेळ पाळायची म्हटले तर वेळापत्रक छापायचे कसे? तेव्हा रेल्वेने सगळीकडे मद्रासची वेळ धरली. मुंबईकर मात्र मुंबईच्या वेळेने उठत, जेवत आणि गाडी पकडताना मनात अर्धा तास मिळवत.

१८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळच मुंबईतही लागू केली. शहर खवळले. राजाबाई टॉवरचे घड्याळ तेव्हा नुकतेच सुरू झालेले, आणि ते विद्यापीठाच्या मालकीचे. विद्यापीठाच्या सिनेटने कौल दिला तो मुंबईच्या वेळेच्या बाजूने. अखेर सरकारलाच माघार घ्यावी लागली. (सिनेटच्या सभेत घड्याळावरून वाद रंगला असेल, ही कल्पना आपल्या प्राध्यापकवर्गाला फारशी नवी वाटणार नाही!)

खरा झगडा पुढेच आहे. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या हिंदुस्थानसाठी ८२॥ अंशांवरची एकच 'स्टँडर्ड' वेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईच्या घड्याळांनी एकदम ३९ मिनिटे उडी मारायची होती. आदले वर्ष बंगालच्या फाळणीचे आणि स्वदेशीच्या चळवळीचे. सरकारकडून येणाऱ्या कोणत्याही गोष्टीकडे लोक संशयाने पाहत होते. त्याच जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी काम बंद ठेवले, गिरणीवर दगडफेक झाली.

काही ठिकाणी या प्रसंगाचे वर्णन अडाणी लोकांनी घड्याळावर काढलेला राग अशा थाटात केलेले आढळते. मला ते पटत नाही. कामगाराच्या जागी उभे राहून हिशेब करून पाहावा. भोंगा सहाला वाजायचा, तो नव्या घड्याळाने सहालाच वाजणार. पण सूर्याच्या हिशेबाने तेव्हा पाच वाजून एकवीस मिनिटे झालेली. म्हणजे अंधारात उठायचे, अंधारात चालायचे. संध्याकाळी तितक्याच लवकर सुट्टी मिळेल याची हमी कोण देणार? गिरण्यांत विजेचे दिवे आले होते, रात्रीही यंत्रे चालू शकत होती. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा तेव्हा नव्हतीच. ती आली १९११ च्या कायद्याने, आणि तीही बारा तासांची! ज्याच्या हाती घड्याळाचा काटा त्याच्या हाती आपला दिवस, हे त्या माणसांना पुस्तक न वाचता समजले होते.

महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी नव्या वेळेला विरोध केला आणि पालिकेने जुनीच वेळ चालू ठेवली. मग जी गंमत झाली ती कित्येक वर्षे टिकली. रेल्वे, तारखाते, सरकारी कचेऱ्या स्टँडर्ड वेळेवर; पालिकेची घड्याळे मुंबईच्या वेळेवर. एकाच रस्त्यावर दोन घड्याळे दोन वेळा दाखवत. भेटीची वेळ ठरवताना 'कुठला टाइम?' असे विचारणे भाग होते. ही दुहेरी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे रेंगाळली. मध्यंतरी युद्धामुळे १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत स्टँडर्ड घड्याळेही आणखी एक तास पुढे होती, ती भर वेगळीच.

पुन्हा पत्रिकेकडे वळतो. पणजोबांच्या मूळ पत्रिकेत लग्न मिथुन होते. पुढे त्यांच्या लग्नाच्या वेळी कुणा ज्योतिषाने ती नव्याने मांडली, 'मुं. टा.' कडे त्याचे लक्ष गेले नाही, आणि लग्न आले वृषभ. जोशीबुवांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, ५-४० मध्ये ३९ मिळवून ६-१९ केले आणि जुन्याच कागदावर बोट ठेवले. पणजोबांचा विवाह मात्र दुसऱ्या कागदावरच्या छत्तीस गुणांवर जुळला होता, असे आजी सांगते.