मामलेदाराच्या आवारातली कानडी चूल

ठाण्याच्या टेंभी नाक्याला बाहेरून आलेल्या माणसाचं अप्रूप कधीच नव्हतं. सिव्हिल हॉस्पिटलजवळ बेने इस्रायलींचं १८७९ सालचं सिनेगॉग, त्याच परिसरात पारशांची अग्यारी, जैनांचं मंदिर आणि १९७८ साली शिवसेनेच्या आनंद दिघ्यांनी सुरू केलेला देवीचा नवरात्रोत्सव. हे सगळे एकाच नाक्याचे रहिवासी. इथून कोर्ट नाक्याच्या अंगानं स्टेशनकडे पायी निघालं की थोड्याच वेळात तहसीलदार, म्हणजेच मामलेदार कचेरी लागते आणि कचेरीत काहीही काम नसलेल्यांची रांग दिसते. ती मामलेदार मिसळीची.

नरसिंह मुर्डेश्वर कर्नाटकातून पोटापाण्यासाठी ठाण्यात आले आणि १९४६ साली त्यांनी मामलेदार कचेरीच्या आवारात कँटीन सुरू केलं. त्यांच्या आडनावातलं मुर्डेश्वर उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावर, भटकळ तालुक्यात आहे. १९४६ साली कारवारसकट तो सगळा जिल्हा मुंबई प्रांतातच होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. कँटीन जागच्या जागी राहिलं आणि आडनावातलं गाव तेवढं परराज्यात गेलं.

कँटीनची जागा मात्र नामी होती. कचेरीत सातबाऱ्यासाठी, फेरफारासाठी, दाखल्यासाठी गावोगावचे लोक सकाळीच येऊन बसत. साहेब कधी येतील याचा भरवसा नसायचा, त्यामुळे भूक आणि रिकामा वेळ दोन्ही भरपूर. जवळच कोर्ट, म्हणजे वकील, कारकून आणि पक्षकारही आलेच. अशा गिऱ्हाइकाला स्वस्त, झणझणीत आणि लगेच समोर येणारं काहीतरी लागतं. मिसळ त्यासाठीच जन्मल्यासारखी आहे. कडधान्य स्वस्त. उसळ आणि तर्री सकाळी एकदा शिजवून ठेवली की दिवसभर प्रत्येक बशीसाठी आचाऱ्याला चुलीपाशी उभं राहावं लागत नाही. फरसाण, कांदा टाकून मिनिटाभरात बशी तयार. वर तरंगणारं तेल रश्शाची ऊब धरून ठेवतं आणि रस्सा पुन्हा वाढला की दोन पाव जास्त खपतात. कानडी माणसाकडून ज्याची अपेक्षा असते त्या डोशाचं तसं नसतं. तो एकेक काढावा लागतो आणि तव्यावरून थेट पानात पडला तरच खरा.

मला या घराण्याचं वेगळेपण इथेच दिसतं. मुंबईत बाहेरून आलेल्या बहुतेक हॉटेलवाल्यांनी आपापली ओळख ताटात वाढली. इराण्यांनी चहा आणि ब्रून मस्का दिला, ए. रामा नायकांनी १९४२ साली माटुंग्यात उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं ते उडुपीच्या जेवणाचं. मुर्डेश्वरांनी गिऱ्हाइकाचंच खाणं उचललं आणि ते असं वठवलं की ठाणेकर आज पाहुण्याला ‘आमची’ मिसळ खायला नेतात.

हे ज्या शहरात घडलं, त्याचाही विचार करावा. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि लुंगीवाल्यांच्या, म्हणजे दाक्षिणात्यांच्या नावानं पुंग्या वाजू लागल्या. मुंबईत उडुपी हॉटेलांवर दगड पडले. १९६७ साली सेनेला पहिली सत्ता मिळाली ती ठाण्याच्याच नगरपालिकेत. त्याच ठाण्यात कानडी आडनावाच्या माणसाच्या हातची मिसळ शहराचा मानबिंदू झाली. राजकारणाचा हिशेब आणि जिभेचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही, हेच खरं.

त्या हाताचे धनी होते लक्ष्मणशेठ. १९५२ साली, म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात, नरसिंह यांच्या या मुलानं कारभार हाती घेतला आणि मिसळ नावारूपाला आणली. पुढे वागळे इस्टेटचे कारखाने आले, नंतर त्यातले बरेच बंद पडले, नगरपालिकेची १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, घोडबंदर रस्त्यावर टॉवर उभे राहिले. गिऱ्हाईक शेतकऱ्याचं कामगार झालं, कामगाराचं आयटीवाला झालं. लक्ष्मणशेठ डिसेंबर २०२१ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी गेले. आता धंदा पुढच्या पिढीकडे आहे आणि नाव शाखांमधून ठाण्याबाहेरही पोचलं आहे.

शाखा वाढल्या की चव पातळ होते, ही जुन्या गिऱ्हाइकांची तक्रार प्रत्येक गावात असते; इथेही ऐकू येते. मला ती अर्धीच पटते. कचेरीच्या दारात घाईघाईनं, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून खाल्लेली मिसळ वातानुकूलित खोलीत तशी लागणार नाही, त्याला मसाला काय करणार?

तेव्हा पहिल्यांदा जात असाल तर मूळ जागीच जा. बसायला ऐसपैस मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, ‘तिखट’ सांगायची बढाई मारू नका. मध्यम मागवा आणि ताक आधीच सांगून ठेवा.