काळाचा बंद फेरा दिसेल का?

मुंबईहून मस्कतला उतरलं की घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. म्हणजे भूतकाळात आलो का, असं मुलं हमखास विचारतात. नाही. मागे आहे ती ओमानची प्रमाणवेळ. वय वाढायचं तेवढं वाढतंच. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी अणुघड्याळं विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, तेव्हा पश्चिमेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढेच निघाली. मस्कतही मुंबईच्या पश्चिमेलाच आहे.

ओमानमधल्या वहिबाच्या वाळवंटातल्या काळोखात देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. पण हाही भूतकाळातला प्रवास नव्हे. जुनं पत्र उशिरा हाती पडावं, तसं आहे.

खरा प्रश्न ‘बंद कालसदृश वक्रां’चा. प्रकाशाचा वेग कुठेही न ओलांडता निघाल्या क्षणालाच परत आणून सोडणारी ही वाट. कुर्ट गॉडेल यांनी १९४९ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतून अशा वाटा असलेलं विश्व मांडलं. समीकरणांत आहे म्हणून आकाशातही असणार, हा सगळ्यात मोठा गैरसमज. गॉडेल यांचं विश्व फिरतं, प्रसरण पावत नाही. आपलं प्रसरण पावतं. आणि सबंध विश्व फिरत असतं तर वैश्विक सूक्ष्मलहरींत त्याची खूण उमटली असती. प्लँक उपग्रहाला ती सापडली नाही.

कृष्णविवराचं चित्र मिळालं, आता हे वक्रही दिसतील, असंही म्हटलं जातं. फिरत्या कृष्णविवराच्या केर यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या गणितात ते आहेत खरे, पण घटनाक्षितिजाच्या आत खोलवर. तिथून प्रकाशच बाहेर येत नाही. २०१९ मधलं एम८७ चं तेजस्वी कडं क्षितिजाबाहेरचं आहे.

मग शोधायचं काय? वक्राला लागणारी सामग्री. रिचर्ड गॉट यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की दोन वैश्विक तंतू (अवकाशात असू शकणारे अतिशय बारीक, पण प्रचंड घन धागे; अजून ते कुणाला सापडलेले नाहीत) प्रचंड वेगाने एकमेकांजवळून गेले तर असा वक्र तयार होऊ शकतो. असा तंतू खरोखर असेल, तर त्याच्या गुरुत्वामुळे मागच्या दीर्घिकेच्या दोन हुबेहूब प्रतिमा दिसायला हव्यात. २००३ मध्ये सीएसएल-१ ही तशी जोडी सापडली आणि आशा बळावली. २००६ मध्ये हबलने बारकाईने पाहिलं, तर शेजारशेजारच्या दोन वेगळ्या दीर्घिका! मला हे अपयश वाटत नाही. कल्पना किती अचाट असली, तरी तिची परीक्षा दुर्बिणीने घेता येते, हे त्यातून दिसलं. तंतूंच्या गुरुत्वीय लहरींचा शोधही चालू आहे. हिंगोलीतली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहिली की त्याला बळच मिळेल.

२०१४ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठात ‘काळप्रवास साधला’ अशी हवा झाली. तिथे फोटॉनांच्या साहाय्याने केलेली ती अशा वक्राची नक्कल होती; एकही फोटॉन मागे गेला नाही. आणि हॉकिंग यांनी १९९२ मध्ये भूतकाळात जाणं अशक्य ठरवलं, हेही खरं नाही. निसर्ग असे वक्र घडू देत नसावा, असा त्यांचा तर्क होता. पुंज-गुरुत्वाचा पूर्ण सिद्धांत हाती येईपर्यंत तो तर्कच राहील.