जुन्या चित्राची प्रत आणि नव्या चित्रकाराची दृष्टि

अमरावती-अकोल्याच्या एखाद्या घरीं तैलरंगांची पेटी प्रथम उघडली जाते, तेव्हां तींतील साहित्य परकें भासलें तरी तें पुष्कळसें ओळखीचेंच असतें. रंगाची पूड ज्यांत घोटतात तें तेल बहुधा जवसाचें असतें आणि चित्राचें कापड अनेकदां कापसाचें असतें. वऱ्हाडास या दोहोंची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. दुर्मिळ असतो तो गुरु. त्याची उणीव कांहीं अंशीं श्रेष्ठ जुन्या चित्राची प्रत करून भरून काढतां येते.

हा मार्ग नवा नाहीं. रूबेन्स नामांकित झाल्यावरहि १६२८-२९ सालीं माद्रिद येथें टिशियनच्या चित्रांच्या प्रती करीत होता. आपल्याकडील उदाहरण वऱ्हाडाच्या शेजारच्या अजिंठ्याचें आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत विद्यार्थ्यांकडून तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. या कामीं पेस्तनजी बोमनजी (१८५१-१९३८) हेहि होते. पुढें त्यांनीं इंग्रज चित्रकार व्हॅल प्रिन्सेप यांच्यापासून तैलव्यक्तिचित्रणाचे धडे घेतले आणि त्या क्षेत्रांत नांव मिळविलें.

प्रतीसाठीं चित्र साधें निवडावें. रेम्ब्रांटनें सुमारें १६२८ सालीं काढलेलें स्वतःचें चित्र अवघें २२·६ सेंटिमीटर उंच आहे. अॅम्स्टरडॅमच्या ज्या संग्रहालयांत तें आहे, त्यानें त्याची मोठी प्रतिमा सर्वांस विनामूल्य खुली केली आहे. म्हणून अकोल्यांतहि तें बारकाईनें पाहतां येतें. त्यांत डोळे छायेंत बुडालेले असून प्रकाश गालावर व मानेवर पडला आहे. केसांच्या कांहीं बटा ओल्या रंगांत कुंचल्याच्या दांडीनें ओरखडून काढल्या आहेत.

आरंभीं नाक-डोळे रेखूं नयेत. डोळे किलकिले करून छायेचे मोठे आकार पाहावे आणि ते एकाच तपकिरी रंगानें, टर्पेन्टाइनमध्यें पातळ करून, मांडावे. हा थर सुकल्यावर त्यावर अधिक तेलाचे थर द्यावे. हा क्रम उलटूं नये. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं. तें हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. खालीं तेलकट व वर कमी तेलाचा थर असल्यास वरचा आधीं कडक होतो आणि पुढें तडकतो. याच क्रियेंत उष्णताहि निर्माण होते. म्हणून तेलानें माखलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवणें धोक्याचें असतें; तो आपोआप पेटूं शकतो. वऱ्हाडच्या वैशाखांत तर विशेष सावधगिरी हवी. चिंध्या पाण्यांत बुडवून झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवाव्या.

मूळ चित्र आणि प्रत शेजारीं ठेवून दोन्ही आरशांत पाहिलीं कीं, सरावानें डोळ्यांस न दिसणारी चूक चटकन् उघडी पडते. प्रतीच्या पाठीमागें मूळ चित्रकाराचें नांव व प्रत केल्याची तारीख लिहावी.

परंतु प्रत हें शिक्षणाचें साधन आहे, शेवट नव्हे. डच चेहऱ्यासाठीं जुळविलेलें रंगांचें मिश्रण उन्हांत रापलेल्या वऱ्हाडी शेतकऱ्याच्या कपाळाला जसेंच्या तसें लावलें, तर तें माणूस परकें दिसेल. उचलावयाचा तो रंग नव्हे. छाया कोठें संपते, प्रकाश कोठें सर्वांत तीव्र होतो आणि कोणता तपशील वगळला आहे, हा विचार उचलावयाचा. म्हणून प्रत पुरी होतांच विद्यार्थ्यानें एकाच खिडकीच्या उजेडांत घरांतील वडीलधाऱ्या माणसास समोर बसवावें आणि मूळ चित्र दृष्टिआड करावें.

अजिंठ्याच्या त्या प्रतींपैकीं पुष्कळ १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत नष्ट झाल्या. भिंतीसमोर महिनेंमहिने बसून विद्यार्थ्यांच्या डोळ्यांस जी शिस्त लागली होती, ती मात्र त्या कापडांबरोबर जळाली नाहीं.