आदित्याचा पीळ

साबरमतीच्या काठी, गांधीनगरजवळच्या भाट गावात प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. प्रेधिमान काव यांनी उभारलेल्या या संस्थेत १९८९ साली 'आदित्य' सुरू झाला. भारतातच आखलेला आणि बांधलेला हा पहिला टोकामाक, म्हणजे तापलेला प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून ठेवणारं यंत्र. आकार मेदूवड्याचा. भोकाच्या मध्यापासून कड्याच्या मध्यापर्यंत अंतर जेमतेम ७५ सेंटिमीटर. जगातल्या मोठ्या यंत्रांपुढे हा लहानच. पण प्लाझ्मा सांभाळणं म्हणजे काय, ते मला यानेच नीट समजावलं.

प्लाझ्मा म्हणजे इथे लाखो अंश तापलेला, विद्युतभारित कणांत फुटलेला हायड्रोजन. तो भिंतीला टेकला की निवतो, आणि भिंतही सोलवटते. म्हणून त्याला अधांतरी ठेवायचं. विद्युतभारित कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत तिच्याच वाटेने जातो. मग रेषाच गोल वळवाव्यात, यासाठी कड्याभोवती २० जाडजूड वेटोळी आहेत.

एवढ्याने भागत नाही. भोकाकडच्या अंगाला चुंबकत्व जोरकस असतं, बाहेरच्या अंगाला कमजोर. या फरकापायी आयन एका दिशेला, वर किंवा खाली, सरकतात आणि इलेक्ट्रॉन उलट दिशेला. दोहोंच्या मधे विद्युतक्षेत्र उभं राहतं आणि अख्खा प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीवर लोटतं. इथे वीज वैरीण आहे.

तोड सोव्हिएत शास्त्रज्ञ ताम आणि साखारोव्ह यांनी सुचवली होती: रेषांना पीळ द्या. आदित्यात कड्याच्या मधल्या गुंडाळीतला प्रवाह बदलला की ट्रान्सफॉर्मरसारखा प्लाझ्मातच प्रवाह वाहू लागतो, लाखभर अँपिअरपर्यंत. त्याचं चुंबकत्व मूळ क्षेत्रात मिसळतं आणि रेषा सुंभाच्या पेडांसारख्या वळतात. वर साचलेला भार त्या वाटेने खाली उतरतो, खालचा वर चढतो, आणि ते घातक विद्युतक्षेत्र विरतं.

तरीही प्लाझ्मा स्वस्थ बसत नाही. त्याच्या कडेची खळबळ एकसारखी नसते, ती उसळ्या-उसळ्यांनी येते, हे १९९२ साली आदित्यावरच्या मोजमापांनी दाखवलं. एवढ्याशा यंत्राने जगाला दिलेलं हे देणं मला फार मोलाचं वाटतं. कधी तर प्रवाहच अचानक कोसळतो आणि सगळी ऊर्जा भिंतीवर आदळते. मोठ्या यंत्रांना याच कोसळण्याची धास्ती असते.

ते टाळता येतं का हे पाहायला आदित्यात संशोधकांनी प्लाझ्माच्या कडेशी एक इलेक्ट्रोड सारला आणि त्याला धन व्होल्टेज दिलं. त्या विद्युतक्षेत्राने प्लाझ्माचे थर वेगवेगळ्या वेगाने फिरू लागले, कोसळण्याआधी प्लाझ्मात वाढत जाणाऱ्या लाटा दबल्या, आणि मुद्दाम ओढवलेलं कोसळणं टळलं. ज्या विजेला पीळ देऊन घालवलं, तिलाच त्यांनी राखणीला बसवलं होतं.